दुसऱ्यांच्या घरातून जाणारी वाट

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी फ्रान्समध्ये आहे. सुटीत पाठीवर सॅक टाकून ती ल्यों शहर बघायला जाणार आहे. तिथे म्हणे लोकांच्या घरांतून आरपार चालत जाता येतं. परक्या माणसाला असं जाऊ कसं देतात? आणि बेताच्या पैशांत ते शहर पाहून होईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जाऊ देतात, आणि एक पैसाही घेत नाहीत. या वाटांना तिथे ‘ट्राबूल’ म्हणतात. जुनं ल्यों सोन नदी आणि फुर्विएरची टेकडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलं. रस्ते नदीला समांतर, आडव्या गल्ल्या अगदी थोड्या. शेजारच्या रस्त्यावर जायचं तरी लांबचा वळसा पडायचा. म्हणून इमारतींच्या पोटातूनच वाटा निघाल्या. र्यू सँ-जाँवरच्या ५४ क्रमांकाच्या दारातून आत शिरलं, की एकामागून एक चौक ओलांडत माणूस थेट पलीकडच्या र्यू द्यु बफवर निघतो. मधे दगडी कमानी, गोल जिने आणि रहिवाशांच्या टपालपेट्या.

हे सगळं जेमतेम वाचलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वस्ती पार मोडकळीला आली होती, आणि तिच्यातून मोठा रस्ता काढायचा बेत शिजत होता. स्थानिक लोक त्याविरुद्ध उभे राहिले. १९६२ साली सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि १९६४ मध्ये जुनं ल्यों हे फ्रान्समधलं पहिलं संरक्षित क्षेत्र ठरलं. १९९८ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशातही आहे. ट्राबूलांपैकी बऱ्याच आज कुलूपबंद आहेत. ज्या खुल्या आहेत, त्यांच्यासाठी पालिकेने घरमालकांशी करार केले आहेत : देखभालीच्या खर्चाचा वाटा पालिका उचलते आणि मालक दिवसा दार उघडं ठेवतात. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. मुलीला एवढं जरूर सांगा, की आत लोक राहतात. आवाज चढवायचा नाही, खिडक्यांत डोकवायचं नाही.

तुम्ही सोलापूरचे, म्हणून क्रॉ-रूसची टेकडी तिला चुकवू देऊ नका. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डवर विणतात, तो ल्योंच्याच जोसेफ-मारी जाकारचा. १८०४ च्या सुमारास त्याने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारी यंत्रणा सिद्ध केली. हे माग इतके उंच, की क्रॉ-रूसमध्ये विणकरांसाठी चार मीटरच्या आसपास उंचीच्या छतांची घरं बांधली गेली. माग आणि बिऱ्हाड एकाच खोलीत. मजुरीच्या दरासाठी हे रेशीम विणकर १८३१ मध्ये आणि पुन्हा १८३४ मध्ये उठले, आणि दोन्ही वेळा सरकारने सैन्य धाडलं. तिथल्या कूर दे व्होरास या चौकातला सहा मजली उघडा जिना बघायला तिकीट नाही. विणकरांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याने त्या जिन्याखाली थोडा वेळ थांबावं.

आता खर्चाचं. फुर्विएरवरचं बॅसिलिका आणि इसवी सनापूर्वीचं रोमन नाट्यगृह, दोन्ही फुकट. चढ चालत चढता येतो, नाहीतर शहर वाहतुकीच्या तिकिटावर फ्युनिक्युलर आहेच. राहायला होस्टेलमधली खाट घ्यावी. मात्र ८ डिसेंबरच्या आसपास, दिव्यांच्या उत्सवात, जाणं टाळावं. खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. हॉटेलात जेवायचंच तर दुपारी, कारण ठरावीक थाळीसारखा मेन्यू तेव्हा रात्रीपेक्षा स्वस्त पडतो. बाटलीबंद पाणी मागवू नये. ‘कॅराफ दो’ म्हटलं की नळाच्या पाण्याचा चंबू जेवणासोबत फुकट मिळतो. ल्योंच्या पारंपरिक खाणावळींत, म्हणजे बूशोंमध्ये, डुकराचं मांस आणि आतडी यांचाच भर असतो. ती शाकाहारी असेल तर क्रॉ-रूसच्या सकाळच्या बाजारातून पाव, चीज आणि फळं घेऊन रोन नदीच्या काठी बसावं. सोमवारी तो बाजार भरत नाही.