रुग्णालयाच्या औषध विभागातील काम कसे शिकावे?

एकोडीसारख्या साकोली तालुक्यातील गावात बारावी विज्ञान झालेली मुले-मुली ‘मेडिकल लाईन’ची चौकशी करतात, तेव्हा आम्ही प्रथम कायदा सांगतो. परदेशात फार्मसी टेक्निशियन हा वेगळा दर्जा आहे. आपल्याकडे पूर्वीचा कंपाउंडर गेला आणि 1948 च्या फार्मसी कायद्यातील कलम 42 नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटने तो मिळत नाही. त्याच्या आधारे खोके उतरविणे, साठा लावणे एवढी मदतनीसाची कामे मिळतील. पालकांनी फी भरण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

खरा मार्ग डी. फार्म. या पदविकेचा. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित हवे. दोन वर्षांचा अभ्यास, नंतर किमान तीन महिन्यांत 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. 2022 च्या नियमांनी एक्झिट परीक्षाही आली. त्यानंतर राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे ना, हे आधी पाहावे.

प्रशिक्षणात काय शिकावे?

1) साठा : ज्या औषधाची मुदत आधी संपते ते पुढे ठेवावे व आधी द्यावे. इन्सुलिन व बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्यात. फ्रिजचे तापमान रोज लिहावे.

2) नोंद : शेड्यूल एच-1 मधील औषधांसाठी दुकानात स्वतंत्र रजिस्टर असते. त्यात डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण लिहून ते तीन वर्षे जपावे लागते.

3) हिशेब : समजा, 10 किलो वजनाच्या बालकाला डॉक्टरांनी किलोमागे 15 मि.ग्रॅ. प्रमाणे 150 मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल लिहिले. 5 मि.लि. मध्ये 125 मि.ग्रॅ. असलेल्या बाटलीतून 6 मि.लि. द्यावे लागेल, 250 वाल्या बाटलीतून 3 मि.लि. पुरे. बाटली बदलली आणि माप तेच राहिले, तर बालकाला दुप्पट औषध जाते. म्हणून लेबल तीनदा वाचावे : काढताना, मोजताना, देताना.

4) संवाद : ‘दिवसातून दोनदा’ एवढ्यावर थांबू नये. सकाळी किती, रात्री किती, जेवणाआधी की नंतर, हे सांगून रुग्णाकडून पुन्हा वदवून घ्यावे. शंका आल्यास अंदाज न करता डॉक्टरांना विचारावे.

ही शिस्त अंगी बाणली तर सरकारी रुग्णालय, खासगी दवाखाना वा स्वतःचे दुकान, तिन्ही वाटा खुल्या आहेत. धंद्यात पत औषधाच्या अचूकपणावरच उभी राहते.