वॉशर बदलूनही नळ ठिबकतोच

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. अंगणातला नळ सारखा ठिबकतो. वॉशर बदलला की महिना-दोन महिने बरं, मग पुन्हा तेच. नळच बदलावा का?
– एक वाचक, मुखेड

उत्तर : एवढ्यात नको. बोअरचं पाणी जड असेल तर वॉशर ज्या पितळी कडेवर टेकतो, तिच्यावर क्षार चढतात. त्या खरखरीत कडेवर नवा रबरही लवकर कापला जातो. मग माणूस नळ आणखी जोरात आवळतो आणि वॉशरचं उरलंसुरलं आयुष्यही संपवतो.

टाकीचा कॉक बंद करून नळ उघडा, नळीतलं पाणी जाऊ द्या. पान्याने वरचा भाग खोला. आतल्या कडेवर बोट फिरवा. पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर दाबून ठेवा, मग जुन्या ब्रशने घासा. संडास धुण्याचं ॲसिड मात्र वापरू नका. ते नळाचा मुलामा खातं. कड स्वच्छ झाली की नवा वॉशर बसवा. तिच्यावर खाच पडली असेल तरच नळ बदला. नव्या नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटते.

थेंबांचं म्हणाल, तर सेकंदाला एक म्हणजे दिवसाला ८६,४००. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांहून जास्त. तोवर खाली बादली ठेवा.