पंच : एका शब्दाची कुळकथा

शालेय स्पर्धांच्या मैदानावर वादाच्या प्रत्येक क्षणी ज्याचे नाव निघते, तो शब्द म्हणजे 'पंच'. अंपायर आणि रेफरी या दोघांनाही आपण मराठीत पंचच म्हणतो. या तिन्ही शब्दांची कुळे मात्र निरनिराळी आहेत.

'अंपायर'चे मूळ जुन्या फ्रेंचमधील 'नॉनपेर' या शब्दात आहे. 'पेर' म्हणजे बरोबरीचा. 'नॉनपेर' म्हणजे जो जोडीत बसत नाही तो, विषम, तिसरा. दोन पक्षांत तंटा झाला की निवाड्यास या तिसऱ्याला बोलवीत. इंग्रजीत आल्यावर त्यातील आरंभीचा 'न' उपपदाला जाऊन चिकटला आणि 'अंपायर' उरला. 'एप्रन'चेही असेच झाले. तो पूर्वी 'नॅप्रन' होता. क्रिकेटच्या १७४४ च्या नियमांत अंपायर आढळतात.

'रेफरी' म्हणजे ज्याच्याकडे वाद सोपविला जातो तो. फुटबॉलमध्ये पूर्वी प्रत्येक संघ आपापला अंपायर आणीत असे. त्या दोघांचे एकमत झाले नाही, तरच मैदानाबाहेरील रेफरीला विचारीत. १८९१ मध्ये रेफरी मैदानात आला आणि अंपायर रेषेवर गेले.

आपला 'पंच' मूळचा पाचांतला, पंचायतीतला. आज क्रिकेटमध्ये दोघे उभे राहिले तरी पंच, पंचनाम्यास दोघे आले तरी पंचच. संख्या गळाली, अधिकार उरला. (पंचशीलातील पाच तेवढे पाचच राहिले!) परंतु जातपंचायतीतले पंच त्याच जातीचे, त्याच भावकीचे; तिसरेपणाची अट त्यांना कधी नव्हती. त्यांच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

आमच्या विद्यार्थिदशेत एका कबड्डी सामन्यात यजमान शाळेचेच शिक्षक पंच होते. आमच्या गड्याचा हात मध्यरेषेला लागल्याचे सर्वांनी पाहिले. पंचांनी तेवढे पाहिले नाही. एका गुणाने आम्ही हरलो. पुढे १९८६ मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडीज यांच्या लाहोर कसोटीत व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे भारतीय पंच उभे राहिले, तेव्हा आम्हांस तो सामना आठवला. कसोटीत एक त्रयस्थ पंच असण्याचा नियम १९९४ मध्ये झाला. दोन्ही त्रयस्थ असण्यास २००२ साल उजाडले.

आपल्या शाळेच्या स्पर्धांना आम्ही पंच बाहेरूनच बोलावतो. त्यांच्या प्रवासखर्चावर बैठकीत दरवर्षी प्रश्न निघतो, आणि दरवर्षी तो खर्च मंजूर होतो.