नकार न देणारा कोठावळा

संगणकाच्या सर्व कारभाराच्या मुळाशीं कर्नेल नांवाचा गाभा असतो. प्रत्येक प्रोग्रामास मेमरी वांटून देणें हें त्याचें एक मुख्य काम. ही वांटणी बहुधा ४०९६ बाइटांच्या पानांनीं होते. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या लिनक्स कर्नेलमधील एका दोषाची ही हकीकत आहे.

कर्नेलचे निरनिराळे भागही या कोठावळ्याकडे मेमरी मागतात. नकार मिळाल्यास काय करावें, हें मागणाऱ्यानें आधींच लिहून ठेवावें असा दंडक आहे. परंतु ८ पानांपर्यंतची साधी मागणी कोठावळा व्यवहारांत नाकारीतच नसे. कोठार रिकामें झाल्यास तो मागणाऱ्यास थांबवून ठेवी आणि मेमरी सुटावी म्हणून एखादा मोठा प्रोग्राम निवडून त्यास मरणाची आज्ञा देई. ही उदारता कर्नेल लिहिणाऱ्यांपैकींही कित्येकांस ठाऊक नव्हती! २०१४ च्या डिसेंबरांत तिची चर्चा उघडपणें झाली.

प्रकार असा. एक्सएफएस या फाइलव्यवस्थेंत काम करणाऱ्या एका प्रोग्रामानें कुलूप हातीं धरून मेमरी मागितली. कोठार रिकामें. मरणाची आज्ञा झाली ती दुसऱ्या प्रोग्रामास. पण तो नेमका त्याच कुलुपाची वाट पाहत निजलेला. कुलूप मिळाल्यावांचून तो मरेना, तो मरेपर्यंत मेमरी सुटेना, आणि मेमरीवांचून पहिला कुलूप सोडीना. सगळें यंत्र थिजलें.

मग लहान मागण्याही नाकाराव्या, हा उपाय सरळ दिसतो. मला तो धोक्याचा वाटतो. नकारानंतर चालावयाच्या ओळी प्रत्यक्षांत क्वचितच चालल्या होत्या. त्यांत काय काय दडलें असेल कोण जाणे.

मिखाल होको यांची दुरुस्ती २०१६ मध्यें ४.६ या आवृत्तींत आली. ओओएम रीपर नांवाचा एक स्वतंत्र नोकर नेमण्यांत आला. आज्ञा झालेल्या प्रोग्रामाचीं खासगी पानें तो त्याच्या मरणाची वाट न पाहतां काढून घेतो. तो प्रोग्राम पुन्हां आपल्या कामावर परतणारच नसल्यामुळें त्यास त्या पानांची गरज उरलेली नसते. या नोकरासही एक कुलूप लागतें, पण तो दाराशीं खोळंबत नाहीं. न मिळाल्यास क्षणभरानें पुन्हां येतो, आणि दहा खेपा फुकट गेल्यास नाद सोडतो. लहान मागणी न नाकारण्याची रीत मात्र स्थूलमानानें तशीच राहिली आहे.