कुत्र्याने मनी प्लांट चावला, तर?

प्रश्न : आमच्या पाच महिन्यांच्या लॅब्रॅडॉरने मनी प्लांटची पानं चावली. लाळ गळू लागली, पंजाने सारखं तोंड चोळत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. तसं करावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मिठाचं पाणी अजिबात पाजू नका. रक्तातलं सोडियम वाढून कुत्र्याला झटके येऊ शकतात. पानापेक्षा हा उपाय घातक. मनी प्लांटच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की ते जिभेत, हिरड्यांत रुततात. कच्च्या अळूने आपला घसा खाजतो, तोच हा प्रकार. दोन्ही झाडं एकाच कुळातली. डिफेनबेकियाही त्यातलीच.

तोंडात राहिलेले तुकडे बोटाने काढा, ओल्या फडक्याने जीभ-हिरड्या पुसा, पाणी पिऊ द्या, चमचाभर साधं दही चाटवा. बहुतेक वेळा काही तासांत आग शमते. तोंड सुजलं, श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या.

कण्हेर, अडेनियम किंवा सायकस खाल्लं असेल, तर लक्षणांची वाटच पाहू नका. पहिली दोन हृदयाचे ठोके बिघडवतात, सायकस यकृत निकामी करतं. त्याच्या बिया तर सर्वांत विषारी. निघताना चावलेली फांदी पिशवीत घालून सोबत घ्या. झाडाचं नाव कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

आणि कुंडीतली मातीही बघा. पान कुरतडणारं पिल्लू माती उकरतंच. खत म्हणून एरंडीची पेंड घातली असेल तर मला पानापेक्षा तिचीच जास्त धास्ती वाटते. कुत्र्यांना ती आवडते आणि तिच्यात रिसिन हे जहाल विष उरलेलं असू शकतं. त्रास कधीकधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणून ‘आत्ता तर बरा खेळतोय’ यावर विसंबू नका. पेंड पोटात गेल्याची शंका आली तरी दवाखाना गाठा.

तुमच्या पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे येताहेत, हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते दिसेल ते चावतं. रागावू नका. चावायला फ्रीजमधलं थंडगार गाजर द्या, पण समोर बसून. मनी प्लांट उंच टांगा, वेलीची टोकं खाली लोंबू देऊ नका. जमिनीवर अरेका पाम किंवा स्पायडर प्लांट ठेवा. ही दोन्ही कुत्र्यांना विषारी नाहीत.