आधी गाळ ओळखा

समुद्रतळात पुरलेल्या वस्तूंवर आदळून ध्वनी कसा विखुरतो, याचं गणित मांडणं हे माझं गोव्यातलं काम. बुडालेली जहाजं, सुरुंग, नळवाहिन्या शोधायला ते लागतं. मूळ गाव बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं. नव्यानं कामाला लागलेल्या मुलांना मी जे सांगतो, ते इथं लिहितो.

१. वस्तूचं गणित कितीही चोख असो, गाळाचा अंदाज ढोबळ असेल तर उत्तर हाती लागत नाही. ध्वनी गाळातून जाताना झिजतो आणि येताना पुन्हा झिजतो. २०१६च्या दुष्काळात धनेगावचं मांजरा धरण आटलं, तेव्हा मी तळात उतरलो होतो. वर भेगाळलेली कडक ढेकळं होती, आणि वीतभर खाली हाताला चिकटणारा ओला काळा गाळ. समुद्राचा तळही असा थराथरांचा असतो. सगळ्याला एकच घनता आणि एकच वेग धरून भागत नाही.

२. २०० किलोहर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम साडेसात मिलिमीटर. तो बहुतेक गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. ३.५ किलोहर्ट्‌झचा मऊ गाळात कित्येक मीटर खोल जातो, पण त्याची लांबी ४३ सेंटिमीटर, त्यामुळे लहान वस्तू निसटतात. काय शोधायचंय ते आधी ठरवा.

३. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, भिजलेल्या वाळूत सुमारे १७००. त्यामुळे तळाशी साधारण २८ अंशांहून कमी कोन करून आलेला ध्वनी वाळूत फारसा शिरू नये. सपाट तळाचं गणित तसंच सांगतं. पण तशा तिरप्या ध्वनीलाही पुरलेल्या वस्तू सापडत होत्या. १९९९ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ ‘सॅक्स-९९’ हा मोठा प्रयोग झाला. वाळूवर लाटांनी उठवलेल्या वळ्या ध्वनी विखरून काही भाग खाली पाठवतात, हे त्या कामातून पुढे आलं. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं. सपाट तळ सोपा म्हणून तोच धरणाऱ्याला मी आधी तळाचे फोटो बघायला लावतो.

४. सुरुवात गोलापासून करा. त्याचं नेमकं उत्तर गणितानं काढता येतं, म्हणून आपला प्रोग्रॅम तपासता येतो. मग भरीव आणि पोकळ यांतला फरक बघा. माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो, तसंच हे आहे. पोकळ पोलादी गोलाचा पहिला ठळक प्रतिध्वनी येतो आणि मागून फिकट असे आणखी येतात. ते कवचाभोवती फिरून आलेल्या लहरींचे असतात. दगडाकडून तशी खूण मिळत नाही. मला तर हे मागचे प्रतिध्वनीच जास्त बोलके वाटतात.

५. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या गाळात कित्येक ठिकाणी मिथेनचे बुडबुडे असतात. थोडेसेही असले तरी ते ध्वनी अडवतात आणि खालचं सगळं झाकून टाकतात. अशा जागी मॉडेलशी झटापट करण्यात अर्थ नाही. वस्तू लोखंडी असण्याची शक्यता असेल, तर चुंबकीय मापनाचं उपकरण पाण्यात सोडावं.