जुन्या पेटीतील हेलिकॉप्टर

कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, जुन्या वह्यांच्या आणि दिवाळी अंकांच्या मागे, पुष्कळ घरांत एखादी विसरलेली पेटी पडून असते. सोलापुरातील एखाद्या घरी अशीच एक पुठ्ठ्याची पेटी निघाली, असे समजावे. झाकणावर हेलिकॉप्टरचे रंगीत चित्र आहे. आत राखी प्लास्टिकचे लहानमोठे भाग एका चौकटीला फांदीवरील पानांप्रमाणे लटकलेले आहेत. तळाशी एक घडी घातलेला कागद आहे आणि त्याच्या शेजारी पिवळट पडलेला, कडांना तडे गेलेला दुसरा एक लहानसा कागद आहे. मुलांचे लक्ष प्रथम भागांकडे जाते. परंतु खरी अडचण त्या पिवळट कागदात असते.

अशा संचांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. लंडनमधील एअरफिक्स ही कंपनी निकोलस कोव्ह यांनी १९३९ साली स्थापन केली. १९५३ मध्ये तिने स्पिटफायर या लढाऊ विमानाचा जोडण्याचा संच बाजारात आणला आणि तो मुलांच्या खाऊच्या पैशांत मिळू लागला. पोलादी साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबून भरावयाचे, ते थिजले की साचा उघडून भाग बाहेर काढावयाचे, अशी ही रीत. साचा एकदा तयार झाला की त्यातून हजारो संच निघतात. ह्याच कंपनीने पुढे काही वर्षांत एस-५५ ह्या हेलिकॉप्टरचाही संच काढला.

एस-५५ हे ईगॉर सिकॉर्स्की यांच्या अमेरिकेतील कंपनीचे यंत्र. त्याचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९४९ मध्ये झाले. इंग्लंडमध्ये वेस्टलँड कंपनीने ते परवाना घेऊन बांधले. त्याची रचना त्या काळी नवीन होती. इंजिन नाकाडात तिरपे बसविलेले, वैमानिकांची बैठक त्याच्या वर उंचावर, आणि माणसे बसण्याची खोली बरोबर मोठ्या पंख्याखाली. त्यामुळे आत माणसे किंवा सामान कमीजास्त झाले तरी यंत्राचा तोल फारसा ढळत नसे. भारतीय वायुसेनेत हेलिकॉप्टरांचा आरंभ १९५४ साली झाला, तो ह्याच एस-५५ ने. दिल्लीला पालम येथे वायुसेनेचे संग्रहालय आहे. तेथे ह्या जातीचे हेलिकॉप्टर ठेवलेले आहे.

म्हणजे सोलापुरातील त्या पेटीत जे यंत्र तुकड्यांच्या रूपाने पडले आहे, ते आपल्या देशाच्या पहिल्या लष्करी हेलिकॉप्टरचे भावंड होय. पण पेटीतील खुणा मात्र परदेशातील आहेत. साचा सर्वांना एकच. यंत्र कोणत्या देशाचे, हे ठरते ते त्याच्या अंगावरील चिन्हांनी. तो पिवळट कागद म्हणजे ह्या चिन्हांचा कागद.

हा कागद साध्या चिकटपट्टीसारखा नसतो. त्याच्या पृष्ठभागावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर असतो, त्यावर रोगणाचा अत्यंत पातळ पापुद्रा, आणि पापुद्र्यावर रंगीत चित्र. कागद पाण्यात बुडविला की डिंक सुटतो आणि चित्र पापुद्र्यासह सरकू लागते. हौशी लोक ह्यास डीकॅल म्हणतात. सायकलच्या नळीवरील कंपनीचे चिन्ह किंवा जुन्या शिलाई यंत्रावरील सोनेरी वेलबुट्टी पुष्कळदा अशाच रीतीने उतरविलेली असे, आणि कारागीर तिला ट्रान्सफर म्हणत. सोलापुरी चादरीची नक्षी ह्याच्या अगदी उलट. ती सुताबरोबरच विणली जाते, म्हणून चादर विरली तरी नक्षी सुटत नाही. डीकॅल मात्र वरवर बसलेले असते. काळ गेला की त्याचे रोगण पिवळे पडते, ठिसूळ होते, आणि पाण्यात टाकताच चित्राचे दहा तुकडे होतात.

पिवळेपणा घालविण्याचा एक उपाय आहे, आणि तो सोलापूरकरांना फुकट मिळतो. कागद पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेस उन्हाकडे तोंड करून चिकटवावा. काही दिवसांत ऊन पिवळेपणा बरेचसे खाऊन टाकते. पण तडे गेले असतील तर ऊन काय करणार? आणि आपल्याला हवी आहेत ती भारतीय चिन्हे. ती तर ह्या कागदावर मुळीच नाहीत. तेव्हा ती घरीच करावी लागतात.

त्याआधी प्रतिकृती जोडावयास हवी. भाग प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश त्यांवर राहिलेला असतो, आणि त्यावर रंग धरत नाही. भाग हाताने मोडून न काढता कात्रीने किंवा धारदार पात्याने मोठ्यांच्या देखरेखीखाली कापून घ्यावेत. जुन्या, झिजलेल्या साच्यातून निघालेल्या भागांच्या कडेला प्लास्टिकची पातळ झालर आलेली असते. ती कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून काढावी. पत्र्याच्या छपराखाली वर्षानुवर्षे उन्हाळे काढलेल्या पेटीत पंख्याची पाती वाकलेली सापडतात. ती गरम पाण्यात क्षणभर धरून हलकेच सरळ करता येतात. घाई केली तर मात्र जुने प्लास्टिक कट्कन मोडते.

ह्या कामाचा गोंद खळीसारखा चिकटत नाही. तो प्लास्टिकलाच किंचित विरघळवितो, आणि दोन भाग एकमेकांत मिसळून एक होतात. म्हणून एक थेंब पुरे. अधिक झाला की बोटाचा ठसा हेलिकॉप्टरवर कायमचा उमटतो. खिडक्यांच्या पारदर्शक भागांना तर हा गोंद लावूच नये, कारण त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तेथे फेविकॉलसारखा पांढरा गोंद बरा. हे काम खिडकी उघडी ठेवून करावे.

संच १:७२ ह्या प्रमाणाचा आहे. म्हणजे सहा फूट उंचीचा मनुष्य येथे एक इंच उंच होतो. एस-५५ च्या मोठ्या पंख्याचा घेर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ५३ फूट होता. त्याचे ६३६ इंच झाले; ७२ ने भागल्यास सुमारे ८.८ इंच, म्हणजे साधारण २२.४ सेंटिमीटर. मुलाने पट्टी लावून पाहावे. अंकगणित आणि साचा जुळले, की प्रतिकृतीवर एक निराळाच विश्वास बसतो.

आता चिन्हे. वायुसेनेचे गोल चिन्ह एकात एक तीन वर्तुळांचे असते: बाहेर केशरी कडे, त्याच्या आत पांढरे, आणि गाभ्यात हिरवा ठिपका. शेपटीवर ह्याच तीन रंगांच्या उभ्या पट्ट्या असतात. ऐकावयास सोपे, पण करताना प्रश्नामागून प्रश्न उभे राहतात. वर्तुळ किती मोठे? ते दारापुढे की दारामागे? ह्यांची उत्तरे अंदाजाने द्यावयाची नसतात. त्या काळचे, अगदी बाजूने घेतलेले छायाचित्र शोधावे. समजा, छायाचित्रात हेलिकॉप्टरच्या धडाची लांबी १४ सेंटिमीटर आणि वर्तुळाचा व्यास १ सेंटिमीटर भरला, आणि आपल्या प्रतिकृतीचे धड १७.५ सेंटिमीटर आहे. तर आपले वर्तुळ १.२५ सेंटिमीटरचे हवे. तिरप्या छायाचित्रावरून हे मोजमाप फसते.

इतक्या लहान वर्तुळासाठी एवढा खटाटोप कशाला, असे एखाद्यास वाटेल. सोलापूरच्या मुलांना तरी तसे वाटण्याचे कारण नाही. ह्या शहराच्या नगरपालिकेवर १९३० साली, इंग्रजांचे राज्य असताना, त्या काळचे राष्ट्रीय निशाण फडकले होते. त्याच वर्षी मे महिन्यात येथे लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. त्यांच्या नावाचा चौक शहरात आहे, आणि शाळेत जातायेता मुले तेथून जातात. निशाणावर कोणते रंग आहेत आणि ते कोठे फडकत आहे, ह्याला किती महत्त्व असू शकते, हे त्या चौकाला ठाऊक आहे.

डीकॅलचा कोरा कागद विकत मिळतो आणि संगणकावर चित्र काढून तो छापता येतो. पण येथे एक गंमत घरच्या छपाईयंत्रावर उघडी पडते. त्या यंत्रात पांढरी शाई नसते! साध्या कागदावर जे पांढरे दिसते तो कागदाचाच रंग असतो. पारदर्शक डीकॅलवर वर्तुळ छापले तर पांढऱ्या कड्याच्या जागी काहीच छापले जात नाही, आणि खालचा राखी रंग दिसू लागतो. केशरी आणि हिरवाही मळकट दिसतात, कारण ती शाई काचेसारखी आरपार असते. ह्यावर दोन तोडगे आहेत. एक तर पांढऱ्या पापुद्र्याचा कागद घेऊन वर्तुळाच्या काठाकाठाने नेमके कापावे; नाही तर प्रतिकृतीवर त्या जागी आधी पांढरा रंग देऊन वर पारदर्शक डीकॅल बसवावे. शाई पाण्याने फुटणारी असेल तर छापलेल्या कागदावर रोगणाचे दोनतीन पातळ हात देऊन ते पुरते वाळू द्यावेत. जो हा हात द्यावयास विसरतो, त्याचे केशरी वर्तुळ वाटीतल्या पाण्यात शेंदरी ढग होऊन जाते.

छपाईयंत्र नसले तरी काम अडत नाही. गुळगुळीत कागदावर डिंकाचे पातळ पाणी सारखे पसरावे. बाभळीचा डिंकही चालतो, आणि सोलापूरच्या माळरानाला बाभळींची वाण नाही. तो वाळला की पारदर्शक रोगणाचे दोन हात द्यावेत, मग कंपासाने वर्तुळे आखून बारीक कुंचल्याने रंग भरावेत: प्रथम संपूर्ण पांढरी चकती, तिच्यावर केशरी कडे, शेवटी हिरवा ठिपका. वैशाखातल्या दुपारी, पारा ४० अंशांच्या वर गेला असता, डिंक लावलेला कागद वाळताना पापडासारखा वळतो. म्हणून हे काम सकाळी करावे आणि कागद जड पुस्तकाखाली ठेवावा. पहिले वर्तुळ क्वचितच गोल होते. चार काढावीत आणि त्यांतील दोन निवडावीत.

बसविण्याची वेळ आली की प्रतिकृतीच्या रंगावर आधी चकचकीत रोगण द्यावे. खरखरीत पृष्ठभागावर डीकॅलखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, आणि पापुद्रा चंदेरी चमकून आपली लबाडी उघड करतो. वर्तुळ कापून कोमट पाण्यात काही सेकंद बुडवावे, मग काढून ओल्या कागदावर स्वस्थ ठेवावे. बोटाने ढकलून पाहावे. सरकू लागले की कागद प्रतिकृतीला टेकवून, ओल्या कुंचल्याने चित्र त्यावरून नेमक्या जागी ओढून घ्यावे. सोलापूरच्या कोरड्या हवेत पाणी झटकन उडून जाते आणि चित्र अर्ध्या वाटेत बसून राहते, म्हणून जागा आधीच ओली करून घ्यावी. शेवटी मऊ कापडाने मधून कडेकडे दाबत पाणी आणि हवा काढावी. ह्या मिनिटभरात श्वास रोखला जातो. जुन्या साच्याचा हा संच पुन्हा मिळेलच असे नसते.

दुसऱ्या दिवशी चिकटलेल्या चिन्हांवर मंद रोगणाचा हात दिला, की पापुद्र्याच्या कडा नाहीशा होतात आणि वर्तुळ रंगवल्यासारखे दिसते. मग मोठा पंखा बसवावा. तो गोंदाने न चिकटवता नुसता अडकवला, तर फुंकर घातल्यावर फिरतो. प्रतिकृती थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावी, कारण जे ऊन डीकॅलचा पिवळेपणा खाते तेच त्याचा केशरी रंगही खाते.

तळाशी एक चिठ्ठी चिकटवावी. तीवर यंत्राचे नाव, प्रमाण १:७२, वायुसेनेत आगमन १९५४, चिन्हे घरी केली, असे लिहावे. छायाचित्रात जी बाजू दिसत नव्हती, तेथील चिन्हांपुढे 'अंदाजाने' हा शब्दही लिहावा. जुना पिवळट कागद मात्र टाकू नये. तो घडी न मोडता पेटीत परत ठेवावा आणि पेटी फळीवर.